पेनांगचं आपम, सुप्याला

रंभाजी ठुबे यांनी आयुष्यात एकच खोटी गोष्ट सांगितली होती, आणि आठ वर्षांनी तिनं नगर-पुणे रस्त्यावर सुप्याला शाखा उघडली.

एरवी हा माणूस खोट्याच्या वाऱ्यालाही उभा राहणारा नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली. ते बाजारात शिरले की किराणावाले पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा गुपचूप काढून ठेवायचे. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातलं पाच किलोचं वजन त्यांनी झिजलेलं म्हणून जप्त केलं, तेव्हापासून सासरवाडीला त्यांच्या ताटात पुरणपोळी पडली नाही. त्याचंही त्यांना काही वाटलं नव्हतं. खोटा शिक्का म्हणून कधी मारला नाही, हे वाक्य ते महिन्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत, आणि ऐकणाऱ्यानं काही विचारलेलं असायचंच असं नाही.

तर ती खोटी गोष्ट. आठ वर्षांपूर्वी रंभाजी आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला गेले होते. पेनांग नावाच्या बेटावर रस्त्याच्या कडेला अंकल तान नावाच्या म्हाताऱ्याची गाडी होती आणि तिथं आपम बालिक नावाचा पदार्थ मिळायचा. तापल्या तव्यावर पातळ पीठ सोडायचं, वर शेंगदाण्याचं जाडसर कूट, साखर आणि मक्याचे दाणे पसरायचे, कडा कुरकुरीत झाल्या की मधोमध दुमडून कागदात द्यायचं. त्यासाठी देशोदेशीची माणसं तासभर रांगेत उभी राहत. रंभाजीही राहिले. इथवर सगळं खरं आहे. फक्त ते खाल्लं सुमनबाईंनी. रंभाजींनी त्याचा घासही खाल्ला नाही, कारण त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती.

संकष्टी दोघांचीही होती. पण संकष्टी सोडायची चंद्रोदयाला, आणि चंद्रोदय कुठला धरायचा यावर नवरा-बायकोचं एकमत झालं नाही. रंभाजींनी निघतानाच कॅलेंडरचं पान फाडून पाकिटात ठेवलं होतं. त्यात नगरचा चंद्रोदय आठ वाजून चोवीस मिनिटांनी दिलेला. पेनांगचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं, म्हणजे तिकडच्या दहा चोपन्नला. अंकल तान दहाला गाडी झाकायचा. आणि सव्वानऊलाच समोरच्या इमारतीमागून चांगला पितळी ताटाएवढा चंद्र वर आला.

"अहो, आला की. पाया पडा आणि खाऊन घ्या," सुमनबाई म्हणाल्या.

"हा इथला झाला. आपला उपवास नगरचा आहे."

"चंद्र काय नगरला एक आणि इथं एक असतो का?"

"किलोसुद्धा सगळीकडे एकच असतो. तरी प्रत्येक वजनावर ज्याच्या त्याच्या हद्दीतला शिक्का लागतो. हद्द म्हणून काही आहे की नाही?"

मागच्या रांगेतले दोन चिनी, एक गोरा आणि टूरमधली निम्मी माणसं हे भांडण ऐकत होती. सुमनबाईंनी पदर डोक्यावर घेतला, पेनांगच्या चंद्राला हात जोडले आणि नवऱ्यासमोर उभं राहून आपम खायला सुरुवात केली. रंभाजी तडक बसमध्ये जाऊन खिडकीकडे तोंड करून बसले.

नगरला परत आल्यावर सावेडीतल्या त्यांच्या सोसायटीत पहिल्याच चहाला खालच्या मजल्यावरच्या कानिफनाथ आव्हाडांनी विचारलं, "काय काय खाल्लं तिकडं?" कानिफनाथ एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांना जर चंद्राचं भांडण कळलं असतं तर ते पाथर्डी ते पुणे सगळ्या स्टँडांवर पोचलं असतं. म्हणून सुमनबाई बोलायच्या आत रंभाजींनीच सुरुवात केली आणि स्वतः खाल्ल्यासारखं आपमाचं वर्णन केलं. सुमनबाईंनी चहा ओतता ओतता एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि किटली खाली ठेवली. पुढं पुढं तर त्याच चव पुरवू लागल्या. "आधी जिभेला चटका बसतो, मग गोड, आणि मग दाण्याचा खमंगपणा मागून येतो," असं त्या सांगत, आणि रंभाजी ते स्वतःच्या नावावर खपवत. शेवटी सुमनबाई न चुकता एक वाक्य जोडायच्या, "आणि गार झाल्यावर आणखी गोड लागतं." हे वाक्य रंभाजींना अजिबात आवडत नसे. त्यांच्या गोष्टीत वाफा होत्या, तव्याची चरचर होती. त्यात गार आपमाला जागा नव्हती. "ते राहू दे," असं म्हणून ते पुढं जात.

गेल्या पौषात सुमनबाई गेल्या. त्यानंतर रंभाजी ही गोष्ट पूर्वीपेक्षा जास्त सांगायला लागले. लग्नात, दशक्रियेला, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. लोक कंटाळले, पण रंभाजी काही थांबले नाहीत. ती गोष्ट चालू असेपर्यंत सुमनबाई त्यांच्या शेजारी रांगेत उभ्या असायच्या आणि गोष्ट संपली की नसायच्या, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आणि मग एका सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कानिफनाथांनी पत्रक टाकलं. 'अंकल तान, पेनांग. आता आपल्या सुप्यात! एमआयडीसी चौकाच्या अलीकडे.' खाली कानिफनाथांनी लिहिलं होतं, 'ठुबेसाहेब, तुमचं आपम आलं. कवा निघायचं?'

रंभाजींनी अंगठा पाठवला आणि फोन उलटा करून ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांचा गुडघा दुखायला लागला. मग पितृपंधरवडा लागला आणि त्यात नवीन काही खायची सुरुवात करू नये, असं त्यांनी जाहीर केलं. कानिफनाथ म्हणाले, "तुमी तर आठ वर्साखालीच सुरुवात केलीय. ह्ये जुनंच हाय की." यावर रंभाजींचा गुडघा पुन्हा दुखू लागला.

साहेब दुकानाकडे येईनात म्हटल्यावर दुकानच त्यांच्या घरी आलं. शाल, नारळ आणि पेढे घेऊन काष्टीचा हर्षल दांगट दारात उभा. तिशीचा, आधी ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान चालवणारा. त्यानं जाहिरात वाचून शाखा घेतली होती आणि कंपनीनं त्याला सगळं मोबाईलवरच शिकवलं होतं.

"साहेब, खरं सांगतो, मी पेनांग बघितलेलं न्हाई. पासपोर्टच न्हाई आपला," तो खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला. "लोकं येत्यात, खात्यात आन म्हनत्यात, ह्ये तर आमच्या आईचं धिरडं हाय. तिकडची चव अशीच असती, असं सांगनारा आख्ख्या जिल्ह्यात कुनी घावंना. मंग कानिफनाथ मामांनी तुमचं नाव सांगितलं. आन तुमी तर वजनमापाचे साहेब! दुकानात कारेक्रम ठिवलाय, तितं तुमी माईकवर नुसतं 'तीच चव' म्हनलात, तरी माझं दुकान लागतं मार्गी."

खाऊन 'तीच चव' म्हणावं तर खोटा शिक्का. 'ती चव नाही' म्हणावं तर तोही खोटाच, वर या पोराचं दुकान बसणार. आणि 'मला ठाऊक नाही' म्हणावं तर आठ वर्षांची अब्रू कानिफनाथांच्या तोंडी जाणार, आणि बायकोनं शेवटपर्यंत गप्प राहून जे झाकलं ते तिच्या माघारी आपल्याच हातानं उघडं पडणार. या तिन्हीतलं काय कमी वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

"कार्यक्रमाची तारीख काय?" त्यांनी विचारलं. हर्षलनं तारीख सांगितली. रंभाजींनी कॅलेंडरकडे बघितलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. त्या दिवशी संकष्टी होती.

"मग मी नाही येऊ शकत. मला कडक उपवास असतो."

"आसं व्हय!" हर्षल उठूनच उभा राहिला. "मंग कारेक्रम चंद्र उगवल्यावर ठिवू की. गनपतीबाप्पाचाच दिवस, आनखी काय पायजे? तुमचा उपास सुटायचा त्यो आपमावरच सुटंल." आणि पायाला हात लावून गेलासुद्धा. संध्याकाळी नवं पत्रक आलं. त्यावर 'पेनांगची चव प्रत्यक्ष चाखलेले मा. श्री. रंभाजी ठुबे, निवृत्त निरीक्षक' असं छापलं होतं, आणि 'चाखलेले' या शब्दाखाली लाल रेघ मारलेली होती.

खात्यात काट्याचा संशय आला की पेटीतलं प्रमाण वजन काढायचं आणि ताडून बघायचं, ही रीत. इथं प्रमाण वजन म्हणजे पेनांगचं आपम खरंच खाल्लेलं एखादं माणूस. सहलीत तीस-बत्तीस जण होते. त्यातलं कुणीतरी खाल्लं असेलच. रंभाजींनी टूर कंपनीला फोन लावला. अर्धा तास सनई ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. तिनं बुकिंग कुणाच्या नंबरवर होतं ते विचारलं. होतं सुमनबाईंच्या नंबरवर. "त्यावर एक ओटीपी पाठवते, तो सांगा," ती म्हणाली.

सुमनबाईंचा फोन कपाटात शालीखाली बंद पडलेला होता. तो नंबर बंद करा असं मुलगा सचिन पुण्याहून तीनदा म्हणाला होता, आणि रंभाजी दर वेळी हो म्हणून त्यावर रिचार्ज मारत होते. त्यांनी फोन चार्जिंगला लावला. पडदा उजळला आणि मेसेज आला, 'प्रिय सुमन, आपला ओटीपी...' पुढचे आकडे वाचायला रंभाजींना जरा वेळ लागला.

"खातेदार मॅडम स्वतः बोलतील का?" मुलीनं विचारलं.

"नाही बोलणार."

"मग त्या घरी आल्या की त्यांनाच फोन करायला सांगा, सर. आपला दिवस शुभ जावो."

रंभाजी फोन हातात धरून बसून राहिले. मग त्यांनी सुमनबाईंच्या फोनमधली नावं चाळली, तर त्यात 'रंगुबाई कोपरगाव टूर' असं नाव सापडलं. त्यांनी लगेच लावला.

"कोन ठुबे?" पलीकडून आवाज आला. "हां हां, ते चंद्रवाले का!"

आठ वर्षं नगरमध्ये जपलेली अब्रू कोपरगावात या नावानं राहत होती. रंभाजींनी ते गिळलं आणि सुमनबाई गेल्याचं सांगितलं. रंगुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "लई चांगल्या हुत्या हो. आपमाचं म्हनाल तर मला शुगर, मी न्हाई खाल्लं. पन तुमच्या बाई बसमधी माझ्या शेजारी बसल्या हुत्या. तुमी म्होरं रुसून बसला हुता न्हव का. त्यांच्या मांडीवर कसलं तरी तेलकट पुडकं हुतं, त्याचा डाग माझ्या कोऱ्या साडीला पडला. अजून गेला न्हाई बघा."

रंभाजींनी डागाबद्दल माफी मागितली आणि फोन ठेवला. पुडकं कसलं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. प्रमाण वजन मिळालं नाही, एवढंच त्यांना कळलं.

दिवस जवळ आला तसा सोसायटीचा सल्लाही वाढला. तिसऱ्या मजल्यावरच्या राजेश्वरीताई योगाचे वर्ग घेत. "चवीची परीक्षा आहे, काका. तीन दिवस जिभेला मीठ-तिखट लावू नका, म्हणजे जीभ कोरी होते," असं त्यांनी सांगितलं. रंभाजींना कुठलाही नियम दिला की ते पाळत. तीन दिवस त्यांनी अळणी मुगाचं पाणी घेतलं. स्वयंपाकाला येणाऱ्या भीमाबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी भांडल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाई असत्या तर तुमची ही थेरं चालली नसती." सुमनबाईंच्या हाताखाली त्या अकरा वर्षं होत्या आणि त्यांना असं बोलायचा हक्क होता.

कार्यक्रमाच्या दिवशी चौथा उपवास संकष्टीचा. कानिफनाथांनी भाच्याची जीप आणली होती. जुन्या सवयीनं त्यांनी सात जणांच्या जागेत अकरा बसवले आणि घंटीची दोरी नव्हती म्हणून टपावर थाप मारली. केडगावपाशी ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा झाला होता. तिथं तास गेला. रंभाजींच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. राजेश्वरीताई त्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांगत होत्या, पण दीर्घ श्वास घेण्याइतकी जागा गाडीत नव्हती.

सुप्याला पोचल्यावर पहिलं दर्शन फलकाचं झालं. एका बाजूला अंकल तान आणि दुसऱ्या बाजूला रंभाजी. हर्षलनं त्यांच्या ओळखपत्रावरचा जुना फोटो मोठा करून लावला होता आणि सजावट म्हणून दोघांच्या फोटोंना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पाळी सुटलेले दोन कामगार फलकासमोर थांबले. एकानं टोपी काढली. "कवा गेले?" त्यानं हळूच विचारलं. रंभाजी त्याच्या शेजारीच उभे होते. "अजून नाही," ते म्हणाले.

आत शेजवान आपम, पनीर आपम, जैन आपम आणि भगरीचं उपवासाचं आपम अशी यादी होती. लोक बऱ्यापैकी जमले होते. चंद्रोदयाची वेळ आठ एक्केचाळीस. आणि आठ वाजल्यापासून आभाळ असं भरून आलं होतं की चंद्र सोडाच, समोरच्या कारखान्याची चिमणीसुद्धा दिसेना.

आठ एक्केचाळीस झाले. हर्षल ताटली घेऊन पुढं आला, तेव्हा कानिफनाथांनी हात आडवा घातला. "थांब. ती वेळ नगरची हाय. सुपं पश्चिमेला. हितं चंद्र मिन्टभर मागनं येनार."

"पण दिसला पाहिजे ना," राजेश्वरीताई म्हणाल्या. "दर्शनाशिवाय उपवास सुटत नाही."

"कॅलेंडरात वेळ दिलीय म्हंजी उगवला," हर्षल काकुळतीला आला. मग तिघांत वाद पेटला, आणि त्यात बाकीचेही पडले. कुणी म्हणालं दहा मिनिटं थांबा, कुणी म्हणालं पुण्याच्या पाहुण्याला फोन करून तिकडं दिसतोय का ते विचारा. कामगार आम्हाला तरी खायला द्या म्हणून ओरडू लागले. शेवटी सगळ्यांनी रंभाजींकडे बघितलं. नियमाचा माणूस तोच होता.

रंभाजी काळ्या आभाळाकडे बघत होते. आठ वर्षांपूर्वी हाच वाद त्यांनी घातला होता, आणि तेव्हा तर चंद्र समोर दिसत होता. "उगवला असेल," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "चंद्र काय नगरला एक आणि इथं एक असतो का?" त्यांनी ढगांना हात जोडले आणि आपम हातात घेतलं.

पहिल्या घासाला जिभेला चटका बसला. मग गोड लागलं. मग दाणे. मक्याचा एक दाणा कवळीखाली गेला, तो त्यांनी जिभेनं काढला. अर्धं खाऊन झालं, तरी त्यांना काही कळेना. चांगलं लागत होतं, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. तसंच आहे का, हे विचारायला त्यांनी सवयीनं डावीकडे बघितलं. डावीकडे हर्षल माईक घेऊन उभा होता.

"सांगा साहेब! तीच चव हाय ना?"

चार दिवसांचं रिकामं पोट, कोरी जीभ आणि एकतीस वर्षांची नोकरी घेऊन रंभाजी माईककडे वळले.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पेनांगला मी खाल्लंच नव्हतं. माझ्या बायकोनं खाल्लं होतं. तिला विचारायला पाहिजे होतं. आता ते होत नाही."

माईक किंचाळला. मागं कुणीतरी चेष्टा समजून हसलं. हर्षलचा चेहरा उतरला. त्यानं माईक बंद केला, उरलेलं अर्धं आपम कागदात बांधून रंभाजींच्या हातात दिलं आणि तव्याकडे गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रंभाजींना वाटलं.

परतीच्या वाटेवर केडगाव आल्यावर कानिफनाथ एवढंच म्हणाले, "आठ वर्सं मी ती चव मेव्हन्याला सांगतोय. आता त्येला काय तोंड दावू?" बिचारे खरोखर दुखावले होते. सोसायटीत उतरल्यावर पहिल्यांदाच कुणी रंभाजींना जिन्यापर्यंत सोडायला आलं नाही.

सकाळी भीमाबाई आल्या तेव्हा रंभाजी स्वयंपाकघरातच बसले होते. समोर कागदाचं पुडकं तसंच होतं. सुप्याला काय झालं ते भीमाबाईंना येता येताच कळलं होतं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, पुडक्याकडे बघितलं आणि गॅस बारीक केला.

"अर्धंच आनलं व्हय? बाईंनीबी अर्धंच आनलं हुतं."

"काय?"

"त्यांनी शपथ घातली हुती, साहेबाला सांगू नको म्हनून. पन आता शपथ कुनाची पाळू?" भीमाबाई पाटावर टेकल्या. "तितं त्यांनी अर्धंच खाल्लं. अर्धं तुमच्यापायी बांधून आनलं हॉटेलात. नगरचा चंद्र उगवला की देते म्हनल्या, मंग तर खातील. घड्याळ म्होरं ठिवून बसल्या हुत्या. अकराला पाच-सा मिन्टं कमी आसतील. येळ झाल्यावर दोन डाव हाका मारल्या तुमाला. पन तुमी झोपला हुता."

रंभाजी झोपले नव्हते. भिंतीकडे तोंड करून, पोटात भूक घेऊन टक्क जागे होते. "अहो," अशी पहिली हाक आली ती त्यांनी ऐकली. "अहो, उठता का?" अशी दुसरी आली तीही ऐकली. ही आता पुन्हा भांडण काढणार, असं वाटून त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. मग दिवा बंद झाल्याचाही आवाज त्यांनी ऐकला होता.

"मग त्याचं काय केलं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी तुमी आंघोळीला गेल्यावर त्यांनीच खाल्लं. टाकायच्या व्हय त्या अन्न? गारच खाल्लं."

रंभाजींनी पुडकं उघडलं. कूट ओलं होऊन बसलं होतं, साखरेचा चिकट पाक झाला होता आणि कडा मऊ पडून वातड झाल्या होत्या. त्यांनी एक घास तोडला. तो कवळीला चिकटला. त्यांनी तो सावकाश चावला आणि दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षल होता. "साहेब, काल रागवलो न्हाई मी," तो म्हणाला. आवाज रात्रभर न झोपल्यासारखा होता. "पन आता सकाळपासनं दुकानात कुनीबी न्हाई. काय बोलू लोकांम्होरं, त्येवढं तरी सांगा. बाईसाहेब काय म्हनायच्या आपमाला?"

रंभाजींच्या तोंडात तिसरा घास होता. तो त्यांनी नीट गिळला.

"गार झाल्यावर आणखी गोड लागतं," ते म्हणाले.

"खरं? मंग ह्ये बोर्डावर लिवू का? खाली तुमचं नाव टाकून?"

"माझं नको. तिचं टाक. सुमन ठुबे, पेनांगला खाल्लेल्या." ते थांबले. "आणि हर्षल, मी आत्ता ताडून बघितलं. बरोबर आहे. तीच चव आहे."

फोन ठेवला तेव्हा भीमाबाईंनी कागदावरचा शेवटचा तुकडा उचलून कोपरा चाखला होता. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"अवो साहेब, ह्येचं तर पार चामडं झालंय. ह्येला गोड म्हनता?"

"असू दे," रंभाजी म्हणाले, आणि त्यांनी तो तुकडा भीमाबाईंच्या हातातून परत घेतला.